थाक गुरुजींना कुणी पाडलं?

साम्गोकच्या शाळेला कुलूप लागायचं ठरलं, तेव्हा गावाला थाक गुरुजींची आठवण झाली. तोवर गुरुजी रोज त्याच गावातून हिंडत होते, पण धडधाकट हिंडणाऱ्या माणसाची आठवण काढायला कुणाला सवड असते? नाकदोंग नदीच्या काठची जमीन कसदार. लसूण उदंड पिकायचा. पोरं तेवढी पिकायची थांबली होती. पोरं नाहीत म्हणून शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणून फाटकात गुरुजींचा पुतळा, असं माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानं एकमतानं ठरवलं.

गुरुजींनी या शाळेत जन्मभर सिरूम शिकवलं. वाळूतली कुस्ती. कमरेला अन् मांडीला कापडी पट्टा आवळायचा, एकमेकाचा पट्टा धरून खांद्याला खांदा भिडवायचा, आणि गुडघ्याच्या वरचं अंग ज्याचं आधी वाळूला लागलं तो हरला. शाळेनं तालुक्याबाहेर काही जिंकल्याचं कुणाला आठवत नाही. तरी गुरुजींवर पोरांचा जीव. हरलेल्या पोराला ते घरी न्यायचे आणि त्यांची बायको उक-बुन त्याला गरम भात आणि डुकराच्या मटणाचा रस्सा वाढायची. जिंकलेल्यालाही वाढला असता, पण तशी पाळी फारशी आली नाही.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. लहानपणी त्यांच्या वस्तादानं त्यांना असं आपटलं होतं की कंबर कायमची तिरकी झाली. तेव्हाच त्यांनी ठरवलं, आपण पोराला आपटायचं नाही. नवं पोरगं आलं की आपला पट्टा त्याच्या हातात द्यायचा.

"पाड मला."

पोरगं बावरायचं. गुरूला हात कसा लावायचा?

"पाड की! भात खाल्लायस का भुस्सा?"

शेवटी पोरगं दातओठ खाऊन उचलायचं, गुरुजी उचलू द्यायचे आणि धप्पकन पाठीवर पडायचे. "पाडायची गोडी लागल्याबिगर पडायचं धाडस येत न्हाई," एवढंच त्यांचं शास्त्र. घरी पाठीवर औषधाच्या पट्ट्या डकवताना उक-बुन म्हणायची, "लोकांचं नवरं घरी पगार आनत्यात. तुमी वाळू आनताय."

पुतळ्याचं बोलणं करायला मंडळ गुरुजींच्याच अंगणात जमलं. मध्ये शेगडीवर मांस चुरचुरत होतं, वाट्यांत तांदळाची गढूळ दारू. शहरातून आलेल्या मूर्तिकारानं कागद पसरला आणि विचारलं, "खेळ दोघांचा. गुरुजी पाडणार, ते कळलं. पडणारा कोण?"

झालं. वाट्या खाली ठेवल्या गेल्या.

"मी," मंडळाचा अध्यक्ष मेंग म्हणाला. हा जिल्हा परिषदेचा सभासद. फोटोत मधे कसं यावं हे त्याला शिकवायला लागत नव्हतं. "गुरुजींनी मला उचलून उचलून आपटलं, म्हनून मी घडलो."

"तुला आपटलं?" डुकरं पाळणारा फ्यो उसळला. "लेका, तू पोट दुखतंय म्हनून तालमीतनं पळायचास. ही माझी फासळी बघ! गुरुजींच्या हातची हाय."

ती फासळी शेजाऱ्याची फळं चोरताना झाडावरून पडून मोडली होती; तेव्हा फ्योला गुरुजींनीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. पण आज त्यांना हसू आलं नाही. जे आपल्या वस्तादानं केलं आणि आपण जन्मभर टाळलं, तेच करताना आपण फाटकात दगड होऊन उभं राहणार. येणारा जाणारा म्हणणार, बघा, हा पोरांना आपटायचा.

"म्या कुनाला पाडलंय कधी?" ते म्हणाले.

"बघा, बघा! किती साधा मानूस!" मेंगनं सगळ्यांना दाखवलं.

"साधा न्हवं, खरं सांगतोय. मी खाली आन् पोरगं वर. तसा करायचा आसंल तर करा. न्हाईतर नगा करू."

शेगडीवरचं मांस करपायला लागलं तरी कुणी उलटेना.

"मग वरचा कोण?" मूर्तिकारानं पेन्सिल उचलली.

आता जो तो शेजाऱ्याकडं बघायला लागला. मेंग घसा खाकरून म्हणाला, "भर फाटकात गुरूला आपटताना? माझा बाप थडग्यातनं काठी घिऊन उठंल. आन् पुढच्या साली निवडनूक हाय."

"मंग फ्यो हाय की," कुणीतरी म्हणालं.

"माझ्या सुनंच्या माहेरची मानसं त्याच रस्त्यानं येत्यात," फ्यो म्हणाला. "आन् खरं सांगू का, मी जास्त करून फुटबॉललाच आसायचो."

घटकेपूर्वी फासळी दाखवणारा फ्यो आता तालीमच विसरला. एकानं सुचवलं, गुरुजी एकटेच पडलेले दाखवावेत. मूर्तिकार म्हणाला, "लोक म्हणतील, प्यालाय."

"तुमी समद्यांनी पाडलंय मला," गुरुजी म्हणाले. "एकाला बी याद न्हाई?"

"ह्यांना कशाला याद ऱ्हाईल?" उक-बुन भाताचं भांडं आदळत म्हणाली. "मला हाय. नावं सांगू का एकेकाची?"

सगळ्यांनी माना वाटीत घातल्या.

दाराशी पोस्टमन दोल-शिक बसला होता. हाही गुरुजींचाच चेला, पण सगळ्या लढती हरलेला, म्हणून मंडळात त्याचं काम चटया अंथरायचं.

"माझा करा," तो म्हणाला.

"तुझा?" मेंग हसला. "मर्दा, जन्मात कुनाला पाडलंस का तू?"

"न्हाई. गुरुजींनाच तेवढं पाडलंय. दुसरं कोन पडलंच न्हाई माझ्याकडनं."

"लोक काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनू द्या. टपाल द्यायला दारोदार मीच जातोय, तोंडावरच सांगत्याल."

गुरुजी उठले. खुंटीवरचा पट्टा काढून कमरेला बांधायला लागले.

"अहो, हाडं!" उक-बुन ओरडली.

"गादी टाक खाली," ते म्हणाले आणि दोल-शिककडं वळले. "तू पट्टा वाकडा धरायचास. आजून तसाच धरतोस?"

"तसाच, गुरुजी."

"मंग तसाच धर. ह्या मूर्तिकाराला नीट बघून काढू दे. पाड."

दोल-शिकनं पट्टा वाकडाच धरला आणि उचललं.

पुतळा शरदात उभा राहिला. बाहेरगावचे लोक त्यापुढं फोटो काढतात, आणि एवढ्या मोठ्या गुरूला चीत करणारा हा गडी कोण म्हणून चौकशी करतात. मान पाडणाऱ्यालाच मिळणार, हे मेंगला उद्घाटनाच्या दिवशीच उमगलं होतं. भाषणात तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "या थोर गुरूंना सगळ्यांत आधी जर कुणी पाडलं असेल, तर ते मी!"

"खोटं!" गर्दीतून फ्यो ओरडला. "आधी म्या पाडलं! विचारा गुरुजींना!"

"कोन खरं बोलतोय ओ?" उक-बुननं हळूच विचारलं.

गुरुजी खुर्चीत जरा सैल बसले होते. "दोघं बी," ते म्हणाले. "लई दिसांनी."