नुसती कणकण

मी तशी तोंडाळ बाई. पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत टँकरवरून भांडण असो नाहीतर पार्किंगवरून, पहिला आवाज माझाच. पण ही एक गोष्ट — सख्ख्या बहिणीलाही कळू दिली नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही.

आमचे हे चाकणला कंपनीत होते, मशीन शॉपला. रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण गोळ्या लागू पडल्या. जेवण जायला लागलं, कामावर परत कधी घेतील याची चौकशीसुद्धा सुरू केली ह्यांनी. डॉक्टरांनी मात्र मला समोर बसवून बजावलं होतं — ह्या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी उतरतात, साधं दुखणंही झेपत नाही. गर्दी नको. कच्चं काही नको. आणि ताप आला तर घरी गोळी द्यायची नाही, तिनं ताप झाकला जातो; रात्र असो की दिवस, तसंच उचलून आणायचं. मला सगळं कळलं होतं. अडाणी नव्हते मी — हे आधीच सांगून ठेवते.

धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, वाकडच्या एका हॉलमध्ये. सकाळी उठल्या उठल्या हे म्हणाले, "अंगात कणकण वाटतीय गं."

कणकण! किती सोयीचा शब्द आहे बघा. ताप म्हटलं की दवाखाना, कणकण म्हटलं की आल्याचा चहा. मी थर्मामीटर लावला. एकशे एक. किती आहे, त्यांनी विचारलं. "काही नाही हो, नुसती कणकण." आणि चहाबरोबर तापाची गोळी दिली. कसली, हे त्यांनी विचारलंही नाही. रोजच्या गोळ्या मीच तर हातावर ठेवायचे.

का केलं असं? माहेरच्या बायका माझ्या माघारी कुजबुजायच्या — हिचं कुंकू आता काही दिवसांचंच. मला ती तोंडं बंद करायची होती. माझा नवरा धडधाकट आहे, ब्लेझर घालून माझ्या शेजारी उभा आहे, हे दाखवायचं होतं. बस्स, एवढ्यासाठी. फोटोच्या वेळी मास्कसुद्धा मीच काढायला लावला.

गोळीनं दुपारपर्यंत निभावलं. संध्याकाळी घरी आलो आणि ह्यांना अशी थंडी भरली की पलंग हलत होता. सासूबाईंना बरोबर घेऊन तसंच दवाखान्यात नेलं. ताप कधीपासून? — डॉक्टरांनी मलाच विचारलं. खरं जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "आत्ताच, तासाभरापूर्वी." घरी गोळी दिली का? "नाही."

मग त्यांनी विचारलं, कच्चं काही खाण्यात आलं? तशा सासूबाई पुढे झाल्या. आदल्या दिवशी एकादशी होती. देवाला अभिषेक करून त्यांनी कच्च्या दुधाचं चमचाभर पंचामृत लेकाच्या हातावर घातलं होतं. लातूरकडची साधी बाई, रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. आणि मी? मला — कसं सांगू — मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी हे गेले. बरंच आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. सासूबाईंना ते ऐकूच आलं नाही, त्यांच्या डोक्यात तो चमचाच बसला होता. नातेवाइकांतही तेच पसरलं, आईनंच पाजलं म्हणून. मी कधी खोडून काढलं नाही. उलट एकदा चिडले होते कशावरून तरी, तेव्हा मीच सासूबाईंना म्हणाले, "सांगितलं होतं ना तुम्हाला, कच्चं देऊ नका!" त्यानंतर त्यांनी देवपूजा सोडली. शेजारच्या लेकरांच्या हातावर साखरसुद्धा ठेवत नाहीत.

आम्ही दोघीच असतो आता घरात. काल जेवताना त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. म्हणाल्या, "माझ्या हातानं गेलं गं माझं लेकरू. तरी तू मला सांभाळतीस, माय." आणि उष्ट्या हातानंच त्यांनी मला नमस्कार केला.

मी त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.