दिवाळी होऊन जाऊ दे

आमच्या जूचंद्रच्या सोसायटीत लोक मला घाबरतात. खोटं कशाला सांगू? टँकरवाला अर्धी टाकी ओतून पसार व्हायला लागला की खाली मलाच हाक मारतात. मी त्याच्या गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि टाकी भरेपर्यंत हलत नाही. बिल्डरच्या माणसाला मी एकदा पार्किंगमध्ये असं झापलं होतं की दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला. नवरा म्हणतो, हिच्या नाकावर राग नाही, हिच्या रागावर नाक आहे. अशी मी, आणि सबंध पावसाळा एका सुपारीएवढ्या गाठीला भिऊन घरात बसले होते.

आषाढ संपत आला होता. आंघोळ करताना डाव्या छातीच्या कडेला, काखेजवळ, साबणाचा हात अडला. पुन्हा चाचपलं. होती. दाबली की किंचित सरकत होती. नळ तसाच वाहत राहिला. आमच्याकडे पाणी असं वाहू देत नाही कोणी. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "अगं, झोपलीस का आत?" "आले, आले," म्हणत मी बाहेर आले आणि पोह्यांना फोडणी टाकली. मोहरी करपली. सासूबाईंनी ते तसेच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. पण श्रावण लागला. सोमवारचे उपास, शुक्रवारची सवाष्ण, मग सत्यनारायण. यात कुठे दवाखान्याचं काढायचं? म्हटलं, श्रावण होऊन जाऊ दे. श्रावण संपतोय तर गणपती दारात. आमचा गणपती गौरींबरोबर जातो, घरात पंचवीस पानं उठतात. मी तपासायला गेले आणि त्यांनी मला तिथेच ठेवून घेतलं, तर मोदक कोण वळणार? मनाशी असं पक्कं केलं की मला बरं वाटायचं. तासभर. मग भाजी निवडता निवडता हात आपोआप काखेकडे जायचा.

गणपती गेले. पितृपक्षात एक दिवस मी खरंच पर्स उचलली. सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. "जरा दवाखान्यात जाऊन येते, कंबर धरलीये," मी म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. "पंधरवडा चालू आहे. या दिवसांत दवाखान्याची पायरी चढू नये. एकदा चढली की सुटत नाही. सर्वपित्री होऊ दे." एरवी अशा बोलण्यावर मी तासभर भांडले असते. त्या दिवशी मला इतकं हायसं वाटलं, की मी पर्स ठेवली आणि त्यांना आलं घालून चहा करून दिला.

मग घट बसले. रोज एका रंगाची साडी, खाली गरबा, फोटो. मी सगळ्या फोटोंत हसतेय. ब्लाउजची कड नेमकी तिथेच दाबायची. कधी वाटायचं वाढली, कधी वाटायचं कमी झाली. एकदा मोबाइलवर शोधायला घेतलं आणि दोन ओळी वाचून फोन उलटा ठेवला. नवरा सकाळी सहाला जातो, रात्री आठला येतो. त्याला काय सांगायचं? मुलगी बारावीला. मी गेले तर हिचा डबा कोण करणार, या एका गोष्टीवर मी बाथरूममध्ये तोंडात टॉवेल कोंबून रडले. मरणाच्या भीतीला एवढासा डबा पुरतो, मला काय माहीत!

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी पाचूबंदरची मासळीवाली मावशी आली. इतके दिवस आमच्याकडे मासळी बंद, म्हणून तीही फिरकली नव्हती. जिना चढून वर आली आणि दारातूनच ओरडली, "पाटीला हात लाव गं बाय." डोक्यावरची पाटी उतरवायला मी दोन्ही हात वर केले. पाटी खाली घेताना तिची कड बरोबर गाठीवर बसली. "आई गं!" मी केवढ्यांदा ओरडले. पाटी सुटलीच होती, तिने सावरली.

"काय झाला?"

"काही नाही."

"काय नाय कसा? पांढरी पडलीस."

नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, जिन्यात उभं राहून मी तिला सांगितलं. पाटीतलं बर्फाचं पाणी पायांवर ठिबकत होतं. "मावशी, मला छातीत गाठ आहे. अडीच महिने झाले. मला भीती वाटते गं." हे शेवटचं वाक्य शाळा सुटल्यापासून मी कोणापुढे बोललेच नव्हते. ते तोंडातून गेलं आणि मी भोकाड पसरलं.

मावशीने मला मनसोक्त रडू दिलं. मग म्हणाली, "त्या टँकरवाल्याच्या सात पिढ्या काढतेस ती तूच ना?"

"हो."

"कोनाला सांगितलंस का?"

"नाही."

"मग आता काय दिवालीची वाट बघतेस?"

मी खरंच ते म्हणणार होते. शब्द तयार होते तोंडात. लाजेने मेले अगदी. मावशीने पापलेटं काढून खाली ठेवली आणि बोट रोखलं. "उद्या जा. परवा मी येते. गेली नसशील तर तुला मासली देनार नाय, सांगून ठेवते."

वळले तर दारात सासूबाई. हातात मासळीसाठी ताट. सगळं ऐकलेलं. आता बोलणी बसणार, घरात आधी का नाही सांगितलंस म्हणून, नाहीतर दिवाळीची साफसफाई काढणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी पापलेटं ताटात घेतली आणि आत गेल्या. संध्याकाळी दिवा लावल्यावर विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"तुम्ही कशाला, आई?"

"येते म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी रिक्षाने वसईला निघालो. दोनदा वाटलं, रिक्षावाल्याला सांगावं, वळव बाबा. शेजारी सासूबाई पिशवी पोटाशी धरून ताठ बसल्या होत्या. घामाने त्यांचा गळा निथळत होता. माझ्या काळजीने असेल, म्हणून मला उलट त्यांचीच दया आली. नंबर लागेपर्यंत आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. "कधीपासून आहे?" "श्रावणाच्या आधीपासून." तिने ते लिहून घेतलं, रागावली नाही. रागावली असती तर बरं, निदान भांडले असते. तिने तपासलं, सोनोग्राफी करून आणायला लावली, आणि पुन्हा आत बोलावलं. सासूबाई स्टुलावर, मी खुर्चीच्या टोकावर.

"पाण्याची गाठ दिसतेय," ती म्हणाली. "सुईने पाणी काढून तपासायला पाठवू. पण मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही. हाताला हलतेय, तेही बरंच आहे."

मी हसले की रडले, मला आठवत नाही. पर्स खाली पडली, सगळी चिल्लर टेबलाखाली गेली. बाई गं, एवढ्यासाठी अडीच महिने! "चला आई," मी म्हटलं, "काही नाही, ऐकलंत ना?"

सासूबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. डॉक्टरला म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसांनाही तपासता का हो?"

"तपासते की. काय होतंय, आजी?"

त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला. "उजवीकडे आहे. माझी हलत नाही."

"कधीपासून?"

"दोन गणपती झाले."

दोन वर्षं ही बाई माझ्या मांडीला मांडी लावून मोदक वळत होती. मला असा राग आला, असा राग आला, की त्यांना गदागदा हलवावं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळा राग पोटात गेला. डॉक्टर उठली होती. ती आता हळू आवाजात बोलत होती, आणि तिचा तो हळू आवाज मला आवडला नाही.

सासूबाईंना टेबलावर चढता येईना. मी काखेत हात घालून त्यांना वर बसवलं. मी पडदा ओढायला वळले तशी त्यांनी माझं मनगट पकडलं. "तू बाहेर जाऊ नकोस."

"इथेच आहे मी, आई."

मी पडदा ओढून घेतला आणि त्यांच्या ब्लाउजचे हूक काढायला घेतले.