बाकीच्या म्हशी

मंगळवार पेठेतला उदयसिंह आमच्या दूध संघात प्रचार अधिकारी होता. काम साधं. काही नवीन आलं की गावोगावच्या सभासदांना समजावून सांगायचं. पुष्कळ वर्षं तो हे तक्ते दाखवून करायचा आणि लोक पेंगत ऐकायचे. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं, लोकांनाही नव्हतं. मग संघानं त्याला एका शिबिराला पुण्याला पाठवलं आणि माणूस बिघडला.

आकडे लोक विसरतात, गोष्ट विसरत नाहीत, असं त्याला तिथं कुणी तरी सांगितलं. एवढी अक्कल पेठेतल्या कुठल्याही कट्ट्यावर चहाबरोबर फुकट मिळते, पण ही पुण्याहून आणलेली म्हणून भारी. परत आल्यावर तो ऑफिसात ‘नायक’, ‘संघर्ष’, ‘वळण’ असं बोलायला लागला. रजेचा अर्जही हा ‘एक होता उदयसिंह’ असा लिहितोय की काय, अशी आम्हाला धास्ती पडली.

त्याच सुमारास आमच्या पशुवैद्य डॉ. रुद्राणी यांनी संघाच्या नव्या पशुखाद्याची चाचणी पुरी केली. राधानगरी भागातल्या दोनशे म्हशींना ते पावसाळाभर घातलं होतं. बहुतेकींचं दूध होतं तेवढंच राहिलं, काहींचं घटलं, दोघी-चौघींचं वाढलं. चंद्री नावाची एक म्हैस मात्र दोन लिटरवरून दहावर गेली होती. उदयसिंहनं नेमकी तीच उचलली.

“मॅडम, ही आपली नायिका.”

“अहो, ती मध्येच व्याली,” रुद्राणी म्हणाल्या. “व्याल्यावर दूध वाढणारच. ती हिशेबात धरायचीच नाही.”

“गोष्टीत बाळंतपण कशाला आणायचं?”

“आणि बाकीच्या म्हशी?”

“त्यांच्यात काय घडतच न्हाय. ऐकणार कोण?”

खाद्याचा कारखाना आधीच बांधून झाला होता, तेव्हा चेअरमनसाहेबांनाही हीच नायिका पसंत पडली. रुद्राणींचा अहवाल कपाटात गेला.

पहिली सभा चंद्रीच्या गावाशेजारच्या वाडीत झाली. तिची मालकीण बनाबाई, तिला उदयसिंहनं व्यासपीठावर बसवलं आणि गोष्ट सुरू केली. आटलेली म्हैस, चुलीवर रिकामं पातेलं, कपाळाचं कुंकू पुसलेली एकटी बाई, आणि एके सकाळी दारात आलेलं संघाचं पोतं. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा उठला.

“सायब, मी हंबीरराव. हिचा नवरा. मी कवा मेलो?”

सगळा मंडप हसला. उदयसिंह हातातले कागद चाळू लागला. त्याला सावरलं ते बनाबाईनं. “बसा वो खाली,” ती नवऱ्याला म्हणाली. “गोष्टीत मेलं म्हणून काय हुतंय?”

पुढच्या गावात हंबीरराव नुसते अंथरुणाला खिळले. म्हैस कधी व्याली, हे विचारायचं मात्र एकाही सभेत एकालाही सुचलं नाही. जन्म गोठ्यात गेलेली माणसं ही. पण डोळ्यांत पाणी आलं की शेण काय आणि सोनं काय, सगळं सारखंच चकाकतं. खाद्याची मागणी वाढली. चेअरमननी उदयसिंहला शाल दिली. ती पांघरून तो भर उन्हात ऑफिसात फिरला.

बनाबाईला आता गोडी लागली होती. ती जीपमध्ये पुढंच बसायची. माईक उदयसिंहच्या हातून कधी तिच्या हातात गेला, ते त्यालाही कळलं नाही. तिच्या तोंडी चंद्री आधी बारा लिटरवर गेली, मग पंधरावर, आणि शेवटी तर संघाचं पोतं दिसलं की दावं तोडायला लागली. उदयसिंहनं एकदा हळूच सांगून पाहिलं, “मावशी, जरा बेतानं.”

“तुमाला सांगाय येत न्हाय, सायब,” ती म्हणाली. “लोकांचं तोंड बघून वाढवायचं असतं.”

वर्ष झालं तरी भागातलं दूध होतं तेवढंच राहिलं, पोत्यांचे पैसे मात्र गेले. लोक चिडले. वार्षिक सभेत काय सांगायचं म्हणून उदयसिंह बनाबाईला आणायला गेला, तर ती एका खासगी डेअरीच्या टेम्पोतून आधीच निघालेली. तिथं तिची नवी गोष्ट होती. संघाच्या पेंडीनं मरायला टेकलेली चंद्री डेअरीच्या पेंडीनं उठून उभी राहिली. त्यात पुण्याला शिकून आलेला एक लबाड सायबही होता आणि लोकांना तोच फार आवडायचा.

सभेत उदयसिंहनं कपाटातला अहवाल काढून आणला. मोठा तक्ता लावला. हे खाद्य वाईट नाही, चांगलंही नाही, त्यानं फारसा फरकच पडत नाही, हे तो घसा कोरडा पडेपर्यंत सांगत राहिला. पुण्याहून आल्यापासूनचं त्याचं पहिलं सरळ भाषण.

“त्ये आकडं ठेवा बाजूला,” मागून आवाज आला. “त्या सायबाचं काय झालं त्ये सांगा.”

“त्यो सायब ह्योच की,” दुसरा म्हणाला. मग खुर्च्या आपटल्या, तक्ता फाटला. सभा चेअरमननी ‘मंजूर, मंजूर’ म्हणत गुंडाळली आणि आठवडाभरात सगळं खापर उदयसिंहवर फोडून त्याला कसबा बावड्याच्या गोदामात टाकलं. न खपलेली पोती तिथंच रचली होती.

माणूस यातून काही शिकेल, असं आम्हाला वाटलं होतं. ती आमची चूक. गोदामात येणाऱ्या प्रत्येकाला तो आता एका प्रामाणिक अधिकाऱ्याची गोष्ट सांगतो. त्याला कपटी बाईनं आणि कृतघ्न लोकांनी कसं बुडवलं, ते. सांगताना स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आणतो.

मागे रुद्राणी माल तपासायला गेल्या होत्या. ओल लागून पोती कुजली होती.

“किती खराब झाली?” त्यांनी विचारलं.

“त्याची एक गोष्टच हाय, मॅडम,” तो म्हणाला.

रुद्राणींनी किल्ली मागून घेतली आणि स्वतःच आत मोजायला गेल्या. उदयसिंह बाहेर बसून ती गोष्ट हमालांना सांगत राहिला.