टायर आणि मडगार्डच्या मधली जागा

सकाळी उठल्यावर लोक देवाला हात जोडतात, मोबाइल बघतात, निदान चूळ तरी भरतात. मी तीन-चार महिने उठल्या उठल्या खिडकीशी जाऊन गाडीचं पुढचं डावं चाक बघत होते. गाडी त्या बाजूला खचलेली दिसायची, एका खांद्यावर पोतं घेतलेल्या माणसासारखी. मग दुपारपर्यंत दुसरं काही सुचायचं नाही. आमच्या घरात गॅसचं बटण तीनदा तपासणारी बाई मीच, त्यामुळे माझ्या काळजीकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

गाडी म्हणजे नवऱ्याची हौस. सेकंडहँड, पण भलीमोठी एसयूव्ही. तिला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकावर रबराचा एक फुगा, त्यात कॉम्प्रेसरने भरलेली हवा, आणि त्या हवेवर सगळा डोलारा उभा. बटण दाबलं की गाडी उंच होते, परत दाबलं की खाली बसते. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चढायला-उतरायला बरं पडेल म्हणून मीही मान डोलावली होती. आई गेल्यापासून ते निगडीत आमच्याकडेच असतात.

आता गंमत बघा. मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि माझं कामच मुळी हवेचं. शॉपभर हवेच्या पाइपलाइनी फिरलेल्या, त्यांत कुठे गळती आहे ते साबणाचं पाणी मारून शोधायचं आणि बंद करायची. बारा वर्षं हेच करतेय. आणि माझ्याच दारात उभ्या गाडीची हवा रोज निसटत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वर्कशॉपवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "मॅडम, पूर्ण सस्पेन्शन बदलावं लागेल. पार्टला महिना तरी लागेल." न बघता रोग सांगणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो. मी म्हटलं, राहू दे, माझं मी बघते. म्हटलं खरं, पण गाडी चालताना हा फुगा पुरता बसला तर काय, या विचाराने त्या आठवड्यात मला धड झोप नव्हती.

मी रोज मोजायचे. संध्याकाळी गाडी लावली की टायर आणि मडगार्डच्या मधे हात घालायचा. चार बोटं आडवी मावायची. सकाळी परत घालायचा, तेव्हा जेमतेम दोन. एकदा आप्पांनी मला हे करताना पाहिलं आणि ओरडले, "हात काढ! आधी हात काढ तो!"

त्यांचं ओरडणं मला नवं नव्हतं. आप्पांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. मी चौथीत होते. ते एका प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबून भाग बनवायच्या कामावर होते, पत्रा अडकला म्हणून प्रेसमध्ये हात घातला होता, आणि त्यांचा जोडीदार चहा पिऊन परत आला तो सवयीने पेडलवर पाय ठेवून मोकळा झाला. प्रेस खाली आला. हा जोडीदार आमच्या घरातलाच. दर रविवारी यायचा, मला खांद्यावर घ्यायचा, मी त्याला काका म्हणायचे. तो पिंपरीच्या हॉस्पिटलात भेटायला आला तेव्हा आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काका खाटेच्या पायथ्याशी खूप वेळ उभे राहिले आणि निघून गेले. त्यानंतर आप्पा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. भाजी घेताना समोर दिसले तर रस्ता ओलांडायचे. कुणी विचारलंच तर एकच वाक्य: "त्यानं बघितलं न्हाई." मी आयटीआयला जाते म्हटल्यावरही आठ दिवस अबोला धरला होता. अखेर परवानगी दिली ती एका अटीवर. ज्याचा जीव मशीनमध्ये, किल्ली त्याच्याच खिशात. कंपनीतही आमचा नियम तोच आहे. मशीन बंद करायचं, कुलूप घालायचं, स्वतःच्या फोटोचं लाल कार्ड लटकवायचं, किल्ली आपल्याकडे ठेवायची. बारा वर्षांत मी तो एकदाही मोडलेला नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी मी बसलेच. नवरा लॅपटॉपवर ड्यूटीला होता, त्याला म्हटलं, तू नको, तू आलास की सल्ले देतोस. गाडी बटणाने पूर्ण वर घेतली, स्टिअरिंग वळवून चाक बाहेर काढलं, इंजिन बंद केलं, दारं लॉक केली. काच पुसायच्या लिक्विडच्या रिकाम्या बाटलीत साबणाचं पाणी भरलं. आप्पा प्लास्टिकची खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले.

"किल्ली कुणाकडं हाय?"

"माझ्या खिशात."

"दाव."

मी दाखवली. त्यांनी मान हलवली, पण खुर्ची काही मागे घेतली नाही. मी गुडघ्यावर बसून टायरच्या वर हात घातला आणि फवारायला लागले. फुग्याच्या घड्यांवर काही नाही. खाली काही नाही. मग वरच्या टोकाला, जिथे बारीक काळी नळी फुग्यात शिरते तिथे, बुडबुडे आले. मोहरीएवढे, एकामागून एक. इतका आनंद झाला मला! वर्कशॉपवाला सबंध सस्पेन्शन बदलायला निघाला होता, आणि दुखणं होतं नळीच्या टोकाशी. खात्री करायला मी तिथे बोट टेकवलं. बोटाला हवेची फुंकर लागली. मग बाटली टायरवरच ठेवली आणि खाली पडलेला टॉर्च उचलायला हात बाहेर काढला.

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. गाडीच्या पोटात काहीतरी खट्‌कन वाजलं, फुस्स झालं, आणि गाडी खाली आली. बाटलीचा चुराडा झाल्याचा आवाज मी अजून विसरलेले नाही.

मी तशीच बसून राहिले. जिथे मिनिटापूर्वी मनगटापर्यंत माझा हात होता, तिथे ती निळी बाटली पापडासारखी चेपून बसली होती आणि साबणाचं पाणी टायरवरून ओघळत होतं. मागच्या दारापाशी आप्पा उभे होते, हातात मागच्या सीटवरची सतरंजी घेऊन. फरशी टोचत असेल म्हणून माझ्या गुडघ्यांखाली घालायला त्यांनी ती काढली होती.

झालं काय, ते मला कळायला दोन मिनिटं लागली. या गाडीची किल्ली फिरवावी लागत नाही, जवळ असली तरी पुरते. किल्ली खिशात घेऊन मी गाडीला खेटून बसले होते, म्हणून आप्पांनी हात लावताच दार उघडलं. दार उघडताच गाडी जागी झाली, आपण फार उंच आहोत असं तिला वाटलं, आणि ती नेहमीच्या उंचीला आली. बारा वर्षं ज्या नियमाने माझे हात शाबूत ठेवले, त्याच नियमाने आज माझा हात जाणार होता. किल्ली घरात ठेवली असती तर दार उघडलंच नसतं. मला स्वतःचा असा राग आला की मी शेजारी पडलेला पान्हा भिरकावून दिला.

शेजारीण धावत आली, म्हणाली, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." आप्पांना काही ऐकू येत नव्हतं. ते खुर्चीवर बसले, सतरंजी मांडीवर, उजव्या हाताने डावा हात गच्च धरलेला. मी माझे दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. त्यांनी दहाही बोटं एकेक करून चाचपली.

"मी दार उघडलं," ते म्हणाले. "सतरंजीसाठी उघडलं गं."

"आप्पा, माझीच चूक आहे. मी आधार न लावता हात घातला."

"व्हय. पर दार म्या उघडलं."

मला वाटलं, आता गाडी तशीच टाकून द्यावी. पण तसं केलं असतं तर ते उरलेलं आयुष्य त्या दारापाशीच उभे राहिले असते. म्हणून मी उठले. किल्ली आप्पांच्या हातात दिली आणि म्हटलं, घरात तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून या, म्हणजे तिचा सिग्नल गाडीला पोचणार नाही. ते ठेवून आले, वर डब्यावर पाटा ठेवून आले. मी गाडीच्या बॅटरीची तार काढली. गाडीखाली लाकडी ओंडके सारले, जॅक लावून त्याशेजारी दोन स्टँड लावले, चाक उतरवलं. मग नळीचं कनेक्शन जरा सैल करून, तोंड बाजूला करून, उरलेली हवा सोडून दिली. नळीचं टोक तिरकं कापलेलं होतं, एवढाच रोग. कधीतरी कुणीतरी घाईत कापलेलं. मी ते बोटभर मागे सरळ कापलं, लागलंच तर म्हणून पिंपरीहून आधीच आणून ठेवलेलं नवं कनेक्शन बसवलं, चाक चढवलं. नट आवळले की परत सोडून परत आवळत होते.

तार जोडून, किल्ली आणून हवा भरल्यावर मात्र मी हात घातला नाही. काठीला रंगाचा ब्रश बांधला आणि लांबूनच फेस लावला. दहा मिनिटं बघत बसले. एकही बुडबुडा आला नाही. तरी जीव भांड्यात पडला म्हणवत नाही, कारण आप्पांनी दुपारी ताट तसंच सारलं.

पाच वाजता ते कपडे बदलून बाहेर आले. "चल, गाडी काढ."

"कुठं?"

"आकुर्डी."

मी पुढे विचारलं नाही. रस्ताभर माझा एक कान डाव्या चाकाकडे आणि एक आप्पांकडे. स्टेशनच्या पुढे त्यांनी न अडखळता दोन गल्ल्या सांगितल्या. इतकी वर्षं रस्ता ओलांडून जाणाऱ्या माणसाला ते घर पाठ होतं.

काका दारातच होते, बनियनवर, कुंडीला पाणी घालत. किती म्हातारे झालेत, हेच आधी मनात आलं. आप्पांना बघून त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांची नजर आधी आप्पांच्या डाव्या हातावर गेली, मग तोंडावर.

आप्पा फाटकातच उभे राहिले. "आज पोरीचा हात जात हुता," ते म्हणाले. "गाडीत घातला हुता तिनं. दार म्या उघडलं. म्या बघितलं न्हाई."

काकांनी तांब्या कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बघितलं होतं का नव्हतं, तेच मला आठवत नाही राव. रोज आठवून बघतो."

आप्पांनी फाटकाची कडी काढली आणि आत जाऊन पायरीवर बसले.

"बस," ते म्हणाले. "आणि च्या टाकायला सांग घरात."