बोलतं पळणं

"गप्प का पळतोयस? बोल काहीतरी."

वडगावच्या आमच्या शाळेत खेळाच्या बाई मैदानाच्या कडेनं चालत मुलांना हे सारखं सांगायच्या. शिक्षक मुलांना गप्प बसवतात, हे तुम्हीआम्ही लहानपणापासून पाहत आलोय. या बाई मात्र मुलांनी बोलावं म्हणून मागे लागायच्या. मग मैदानावरून एकोणीसचा पाढा, कविता, आदल्या दिवशीची क्रिकेटची मॅच असा सगळा गलका एकदमच यायचा. मुख्याध्यापक उठून खिडकी लावून घ्यायचे.

बाई उंच, काटक. ट्रॅकसूट आणि त्यावर डोक्यावरून घेतलेली सुती ओढणी. माहेर सुदुंबऱ्याचं. लग्न झालं होतं, पण टिकलं नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

मी विज्ञान शिकवायचे. एकदा त्यांना म्हटलं, पळताना बोललं की दम लागतो, मग बोलायला का लावता? त्या म्हणाल्या, "बोलता येतंय तोवर श्वास पुरतोय. बोलणं तुटलं की समजायचं, पोर आता अंगातलं जाळून पळतंय." पुस्तकातलं ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होते. बाईंनी त्याला दोन सोपी नावं ठेवली होती, बोलतं पळणं आणि मुकं पळणं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच मैदानात उतरवलं आणि मूलद्रव्यांची नावं ओळीनं म्हणत पळायला लावलं. मी बोरॉनपर्यंत पोचले. कार्बन काही तोंडातून निघेना. सातवीची मुलं पोट धरून हसत होती आणि बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणत होत्या, "उद्या कार्बन येईल."

खरंच आला. पंधरा दिवसांनी मी निऑनपर्यंत जात होते.

मुकं पळणं त्यांना वाईट वाटत होतं असं नाही. लहान मुलांना त्या लंगडी, खो-खो, शिवणापाणी भरपूर खेळवायच्या. मूल आपणहून झटकन पळतं, थांबतं, पुन्हा पळतं, तेवढं त्याला पुरतं असं म्हणायच्या. पण शिट्टी वाजवून, घड्याळ लावून, ओकारी येईपर्यंत पळवायला त्यांचा विरोध होता. "ती ताकद वयात आल्यावर अंगात भरते. आधी मागू नये," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल.

आठवीत लोहगडवाडीची एक मुलगी आली. गडाच्या पायथ्याशी तिच्या आईवडिलांची टपरी होती, ताक, लिंबूसरबत, कांदाभजी. मुलगी वडगावात मावशीकडे राहायची आणि शनिवार-रविवारी घरी जाऊन पायऱ्यांवर पाण्याचे कॅन चढवायची. पहिल्या दिवशी ती मैदानाला बारा फेऱ्या मारत शेजारणीला आपल्या म्हशीची सगळी हकिगत सांगत होती, आणि हकिगत संपली नाही म्हणून तिनं तेरावी फेरी मारली. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ऐकलंत? एकदाही वाक्य तुटलं नाही."

वर्षभरानं जिल्ह्याच्या स्पर्धेत ती तिसरी आली. मुख्याध्यापकांना पहिला नंबर हवा होता. बाई मात्र खूश होत्या. शर्यत संपल्यावर मुलगी चालत आली आणि तिनं पहिलं काय विचारलं, तर भेळ कुठं मिळते. बाई म्हणाल्या, दम शिल्लक ठेवून आलीय, हे महत्त्वाचं.

तिथंच शहरातल्या एका अकादमीच्या प्रशिक्षकांनी तिला हेरलं. राहणं, खाणं, बूट, शाळा, सगळं ते बघणार होते. बाईंनी तिच्या वडिलांना सांगितलं, दोन वर्षं थांबा. पोरगी अजून वाढतेय, हाडं कच्ची आहेत. वडील गोंधळले. मी वर्गशिक्षिका, म्हणून ते माझ्याकडे आले. शाळेच्या व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"बाई, तुमी सायन्स शिकवता. तुमीच सांगा. खेळाच्या बाई थांब म्हनत्यात. पर पुन्ना असं कोन बोलवनार हाय का?"

मी म्हटलं, पाठवा. संधी दारात आलीय. आणि आणखी एक गोष्ट म्हटली, जी म्हणायला नको होती. "बाईंचा जीव आहे तिच्यावर. त्यांना तिला सोडवत नाही, म्हणून त्या तसं म्हणतात."

मला तेव्हा तसंच वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, आमच्या वर्गातली मुलगी मोठी झाली तर माझंही नाव होईल, हेही मनात होतंच.

मुलगी गेली. बाई आठवडाभर स्टाफरूममध्ये खिडकीशी पाठ करून डबा खायच्या. कामापुरतं बोलायच्या. मी समजले की रागावल्यात, आणि रागावू देत म्हणून गप्प राहिले.

दिवाळीत ती घरी आली, तेव्हा शाळेत भेटायला आली. गालफडं आत गेली होती. बाईंनी तिला बाजूला नेऊन काहीतरी विचारलं. मुलीनं मान खाली घातली. नंतर कळलं, चार महिने तिची पाळी आली नव्हती आणि खुब्यात दुखत होतं. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. तिकडं सांगितलं तर म्हणाले, पळून पळून दुखणं जातं. बाईंनी अकादमीत फोन केला, दोनदा. मग एका रविवारी स्वतः गेल्या. प्रशिक्षकांनी त्यांना फाटकाशीच उभं केलं आणि विचारलं, तुम्ही तिच्या कोण?

बाई तिथूनच परत फिरल्या. वडिलांकडे गेल्या, तर ते म्हणाले, आता वर्षाच्या मधे कसं आणायचं, एवढं वर्ष जाऊ द्या.

जानेवारीत सरावात पळतापळता ती पडली. खुब्यापाशी मांडीच्या हाडाला आधीपासून चीर होती, तिथंच ते तुटून सरकलं. ऑपरेशन करून स्क्रू घातले. हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहिला. पंधरा वर्षांची होती. अकादमीनं तिचं सामान एका खोक्यात भरून पाठवलं.

त्यानंतर बाई दर रविवारी मळवलीपर्यंत लोकलनं जायच्या आणि तिथून चढ चढून लोहगडवाडीला. तिचा पाय हलवून घ्यायच्या, भिंतीला धरून उभी करायच्या, मग अंगणात चालवायच्या. तिची आई एकदा मला बाजारात भेटली. म्हणाली, "पोरगी न्हाई म्हनाली तर बाई टपरीवर बसून भजी तळाय लागत्यात. मंग ही लाजून उटती." पावसाळा सरताना मुलगी काठीशिवाय चालायला लागली. पळणं मात्र संपलं होतं.

त्या सगळ्या महिन्यांत बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी एकदाही त्यांच्याबरोबर मळवलीला गेले नाही. रविवारी घड्याळात पाहून वाटायचं, बाई आता निघाल्या असतील, आणि मी कपडे धुवायला काढायचे.

बाई निवृत्त झाल्या आणि सुदुंबऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. दोन वर्षांत किडन्या गेल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागायचं. मी भेटायला गेले तेव्हा त्या ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. हात इतके बारीक झाले होते की बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. त्यांच्या भाभी चहा ठेवून आत गेल्या.

मी खूप दिवस मनात घोळवलेलं बोलले. "बाई, तिच्या वडिलांना पाठवा म्हणून मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. ते सरळ माझ्याकडे आले होते." कोपराकडे गेलेली बांगडी त्यांनी खाली ओढली. "तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणालात, तेही सांगितलं त्यांनी. मला फार लागलं. म्हणून मी तुमच्याकडे आले नाही. आले असते, सगळं नीट समजावलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतंत. ऐकलं असतंत ना?"

मी हो म्हटलं. खरंच ऐकलं असतं.

"मग तेवढं माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "माझा राग मोठा झाला आणि पोरीचा पाय गेला."

मी त्यांना म्हणायला हवं होतं की नाही, चूक माझी. मी रडायला लागले आणि ते राहून गेलं. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. निघताना म्हणाल्या, पुढच्या महिन्यात या, शेंगा निघतील.

शेंगा निघायच्या आत निरोप आला. मी पोचले तेव्हा अंगणात पुरुष जमले होते आणि आत बायका. लोहगडवाडीची मुलगी माझ्याआधीच आली होती. आता ती विशीची झालीय. टपरी तीच चालवते. तिनं मला पाहिलं आणि सरकून जागा दिली. आम्ही दोघी चटईवर खांद्याला खांदा लावून बसलो.

जनाजा उठला तेव्हा तिनं भाभींना विचारलं, "मी जाऊ मागनं?" भाभी म्हणाल्या, बायका कब्रस्तानात जात नाहीत, बाळा. ती बाहेर आली, ओट्याच्या कडेला चढली आणि चांगल्या पायावर भार देऊन उंच झाली. माणसं शेताच्या रस्त्यानं चालली होती. वळणावर उसाचा फड आहे. त्याच्याआड एकेक जण दिसेनासा झाला.

आतून भाभींनी विचारलं, "दिसतंय का अजून?"

"व्हय," ती म्हणाली.

थोड्या वेळानं भाभींनी पुन्हा विचारलं. मी तिच्या शेजारीच उभी होते. रस्ता केव्हाचा रिकामा झाला होता.

"व्हय," ती म्हणाली. "दिसतंय."