ओठ कधी जुळतो

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकापर्यंत दुभंगलेला होता. सासूबाईंनी आधी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गिऱ्हानमा इळी हातमा लिधी व्हती ना तू?"

घेतली होती. ग्रहणाच्या दिवशी नवऱ्याची बमरोलीच्या कापडाच्या लूमवरची पाळी सुटायची होती, तो भुकेला येईल म्हणून मी विळीवर दोन वांगी चिरली होती. भेस्तानच्या आमच्या गल्लीत ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांना कळली. बाळाला दूध ओढता येत नव्हतं. मी वाटी-चमच्याने पाजत राहायचे आणि मनात एकच यायचं, हे मीच केलं.

दीड महिन्याने बाळाला मोठ्या दवाखान्यात नेलं. सासूबाई सोबत होत्या. डॉक्टर तरुण गुजराती बाई, आमच्याशी हिंदीत बोलत होती. मी रडत रडत वांग्यांचं सांगून टाकलं. ती हसली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, स्वतःच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि सावकाश नाकाखाली आणून भिडवली.

"पोटात चेहरा असा बनतो. बाजूचे भाग पुढे येतात आणि मध्ये जुळतात. कुठल्या पेशींनी कधी वाढायचं, कुठे सरकायचं, हे त्यांच्यातली जनुकं ठरवतात. निम्मी आईकडची, निम्मी बापाकडची. कधी त्यांत बारीक फरक असतो, कधी आणखी काही कारणं त्याला मिळतात आणि जुळायचं राहून जातं. नेमकं कशामुळे, हे दर वेळी आम्हालाही सांगता येत नाही. पण ओठ जुळायचा तो दुसरा महिना संपायच्या आतच जुळतो. त्यानंतर तुम्ही काय चिरलं, याचा ओठाशी संबंध नाही."

सासूबाई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागल्या.

"गिऱ्हान लागनं तव्हय तुले सातवा महिना व्हता ना?"

"हो."

त्या बाळाकडे बघत राहिल्या. त्यांचं बोलणं मी डॉक्टरला हिंदीत सांगितलं. ती सासूबाईंकडे वळून गुजरातीत म्हणाली, "बराबर छे, बा," म्हणजे बरोबर आहे, आई.

परतताना रिक्षात त्यांनी बाळाला माझ्याकडून स्वतःच्या मांडीवर घेतलं. उतरताना म्हणाल्या, "तुनी चूक नही व्हती. मी तुले उगाच बोलनू."

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी मला पुरलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी, सगळ्या बायका नळावर असताना, त्यांनी डॉक्टरसारखीच गालांवर बोटं ठेवून सगळं समजावलं. एक-दोन जणी हसल्या. "दोष दिला तो मी, आता मीच सांगतेय," असं त्यांनी अहिराणीत खडसावलं, तेव्हा हसणं थांबलं.

पुढे ऑपरेशन झालं. आठवड्याने जखम धुताना बाळ पहिल्यांदा ओठ मिटून माझ्याकडे टक लावून बघत राहिलं. आज ती बालवाडीत जाते, खूप बडबड करते, आणि व्रण नीट पाहिला तरच दिसतो.

टाके दाखवायला गेलो तेव्हा ती डॉक्टर दुसऱ्या गावी निघून गेली होती. तिचे आभार मानायचे राहिले. सासूबाईंचेही मी तोंडाने कधी मानले नाहीत, घरात तशी पद्धत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते आहे.