पंधरा एप्रिलची चळत

कॅलेंडरकाकांना कुणी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. घाबरावं असं जे काही होतं, ते त्यांच्याकडे आधीच घडून, तारीखवार लावून ठेवलेलं असे. सव्वीस वर्षं ते वर्तमानपत्रात 'आजच्या दिवशी' हे सदर चालवत होते. अडतीस मिनिटांत आटोपलेलं युद्ध, वाटेत मोटारीत बसून सगळ्यांच्या आधी पोचलेला मॅरेथॉनवीर, दहा दिवस खेळून शेवटी बोट सुटायची वेळ झाली म्हणून अनिर्णित सोडलेला क्रिकेटचा सामना. ताल धरायची काठी स्वतःच्याच पायावर आपटून त्या जखमेनं मेलेला एक संगीतकार तर त्यांचा फार लाडका. 'तालासाठी जीव देतात ते असे', हा विनोद ते दरवर्षी करत आणि दरवर्षी एकटेच हसत.

काकांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. म्हणून सदराची कार्डं लिहायच्या काकू. त्या शाळेत शिकवायच्या, अक्षर मोत्यासारखं. कपाटात कार्डांच्या तीनशे सहासष्ट चळती होत्या, एकेका तारखेची एक, प्रत्येकीला रबर लावलेलं.

मार्चच्या शेवटी डॉक्टरांनी काकूंच्या हृदयाचे फोटो पाहिले आणि म्हणाले, "झडप बदलायला हवी. पंधरा एप्रिलला करून टाकू."

काकांनी मनातल्या मनात चळत उघडली. पंधरा एप्रिल! कधीच बुडणार नाही म्हणून गाजलेलं ते जहाज त्या दिवशी बुडालं, वाजंत्री वाजत असताना. नाटक बघताना गोळी लागलेला राष्ट्राध्यक्ष त्या दिवशी गेला. फुटबॉलच्या सामन्यात चेंगरून माणसं मेली ती त्याच दिवशी. शेकडो वर्षांचं चर्चसुद्धा पेटायला तोच दिवस शोधून बसलं होतं.

"दुसरी तारीख नाही का मिळणार?" काकांनी विचारलं.

"एकोणीस, वीस मिळेल. पण माझं ऐकाल तर थांबू नका. फार झिजलीय झडप."

तारीख कुणाला मारत नाही, हे काकांना काय ठाऊक नव्हतं? तेराच्या आकड्याला भिणाऱ्या वाचकांची त्यांनी छापून टर उडवली होती. पण कळतं आणि वळत नाही. हसू नका. आपलं माणूस ऑपरेशनच्या टेबलावर जायचं असतं, तेव्हा भलेभले भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून ठेवतात. थांबावं तर झडप, न थांबावं तर तारीख. आठवडाभर काकांनी डॉक्टरांना ना होकार कळवला, ना नकार.

काकूंच्या नजरेला ती कार्डं तरी पडू नयेत, म्हणून एका दुपारी त्यांनी हळूच कपाट उघडलं. पंधरा एप्रिलची चळत हातात घेतली आणि ते थबकले. चळत हलकी लागत होती. एका थोर चित्रकाराचा जन्म होता, एका गायिकेचा होता. जहाज नव्हतं. राष्ट्राध्यक्ष, सामना, चर्च, काहीच नव्हतं.

काकू स्वयंपाकघरात टॉवेलांच्या घड्या घालत होत्या.

"पंधरा तारखेची चार कार्डं दिसत नाहीत," काका म्हणाले.

"वाळवी लागली असेल."

"नेमकी बुडत्या जहाजाला?"

काकूंनी घडी मोडली, पुन्हा घातली. "तुम्ही घाबराल म्हणून काढली. तुमचा स्वभाव काय मला माहीत नाही?"

"अगं, मीसुद्धा तेच काढायला गेलो होतो. तुला दिसू नयेत म्हणून."

"मला काय दिसायचं राहिलंय? मीच लिहिलीत ना ती." आणि मग ती बाई, जिनं कधी 'दुखतंय' म्हटलं नाही, हळूच म्हणाली, "अहो, मला खूप भीती वाटते."

काका तिच्याशेजारी बसले. त्यांनीही एक टॉवेल घडी घालायला ओढला.

"एकोणीसला काय आहे?" काकूंनी विचारलं.

"मोठा शास्त्रज्ञ घोडागाडीखाली सापडला."

"आणि वीसला?"

"हिटलर जन्मला."

"अगंबाई! मग पंधराच बरी."

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पाणी हसण्याचंच होतं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. दुसऱ्या दिवशी काकांनी डॉक्टरांना होकार कळवला.

पंधराला सकाळी आठला काकूंना आत नेलं. दार मिटलं. बाकावर बसून काका समोरच्या फरशा मोजत, चुकत, पुन्हा मोजत. दार उघडलं की ते मान वर करत, आणि बाहेर यायची ती बादली घेतलेली बाई. एक वाजला तेव्हा डॉक्टर आले. "झडप छान बसली. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील." काकांनी नुसते हात जोडले.

शेजारी एक तरुण बाई मघापासून पदराचं टोक पिळत बसली होती. "तुम्ही ते पेपरातले तारखांवाले ना? फोटो असतो तुमचा." तिनं विचारलं. "माझ्या वडलांचं ऑपरेशन उद्या आहे. सोळाला काही चांगलं आहे का हो?"

शाळेच्या मुलांना घेऊन सहलीला निघालेली एक बोट काकांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ती बुडाल्याची तारीख सोळाच होती.

"आहे ना," काका म्हणाले. "चार्ली चॅप्लिन जन्मला."

"आणखी काही?"

"नाही," काका म्हणाले. "आणखी काहीच नाही."